नावपट्टीची शाळा

बालवाडीच्या दाराशी, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर खिळ्यांची रांग असावी. खाली टोपलीत नावपट्ट्या. मूल येतं, चप्पल काढतं, आपली पट्टी शोधून अडकवतं. हीच हजेरी. सुरुवातीला नावाशेजारी चित्र हवं: छत्री, मासा, पतंग. मूल चित्र पाहून पट्टी उचलतं, पण नजर रोज नावावरूनही फिरते. हळूहळू चित्र लहान करायचं, मग पट्टीच्या मागे न्यायचं.

*

'समर' आणि 'सायली' मुद्दाम शेजारी ठेवावेत. नुसत्या पहिल्या अक्षरावर भागत नाही म्हटल्यावर मूल पुढचं अक्षर बघतं. आणि मग ते वाक्य येतं, ज्याची ताईंनी वाट पाहावी: "माझा स तिच्यातपण आहे!" वाचनाची खरी सुरुवात मी इथून धरते.

*

अक्षरओळख 'अ'पासूनच व्हायला हवी असं नाही. अ, इ काढायला अवघड. ग, म, भ, न यांना सरळ उभा दंड आहे. व, ब, क एका वळणाचे. र, स, ख एकमेकांच्या जवळचे. पण या गटांच्याही आधी मुलाच्या स्वतःच्या नावातलं अक्षर यावं. ते त्याला आधीच हवं असतं.

*

टाळ्यांचा खेळ: प्रत्येक नावाच्या जितक्या टाळ्या, तितक्या उड्या. 'राधिका' तीन. 'कमल' म्हणताना मुलं दोनच टाळ्या वाजवतात, क-मल. पट्टीवर मात्र अक्षरं तीन. चूक काढू नये. बोलताना आपण तसंच बोलतो. अक्षरावर बोट ठेवत सावकाश क-म-ल म्हणावं, मग पुन्हा नेहमीसारखं. ऐकणं आणि पाहणं, दोन्ही जुळायला वेळ द्यावा.

*

जमिनीवर खडूने मोठा 'म' काढून त्यावर चिंचोके मांडायला दिले. एक मुलगी दंड भराभर भरून मोकळी झाली आणि डावीकडच्या गाठीपाशी थांबली. चिंचोका आत ठेवू की बाहेर? दोनदा उचलला, मग बोटाने गाठ फिरवून पाहिली, आणि वळणावर नेमका बसवला. पानभर 'म' गिरवून हा विचार झाला नसता.

*

पेन्सिलीची घाई नको. कणीक मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, रांगोळीच्या ताटात बोट फिरवणं, यातून बोटांत ताकद येते. "लिहायला कधी लागणार?" असं पालक विचारतात, तेव्हा त्यांना मुलाची पट्टी दाखवावी आणि मुलालाच ती वाचू द्यावी.

*

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. साधनं म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे घेतले. आज महागडे संच नाहीत म्हणून अडून बसणाऱ्यांनी हे आठवावं.

*

घरी करण्यासारखं: डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर नाव. किराण्याच्या यादीत, एसटीच्या पाटीवर, दुकानाच्या फलकावर आपलं अक्षर शोधणं. सापडलं की कौतुक, नाही सापडलं तर पुढची पाटी. परीक्षा घेऊ नये.

*

घरी वारली, भिली, पावरी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला बालवाडीतले पुष्कळ शब्द परके असतात. नाव मात्र त्याच्यासोबत घरून आलेलं असतं. म्हणून पट्टी लिहिण्याआधी आईला विचारावं, घरी याला काय म्हणून हाक मारता? रजिस्टरात 'समृद्धी' असेल, पण मूल 'छकुली' म्हटल्यावरच वळून बघत असेल, तर आधी 'छकुली' लिहावं. जोडाक्षराची 'समृद्धी' पट्टीच्या मागे थांबेल. जे नाव मुलाला आपलं वाटतं, तेच ते सर्वांत आधी वाचणार.