दारव्ह्यात जेवावे कुठे?

जैन कुटुंब प्रवासाला निघाले की सामानात सर्वांत आधी भरला जातो तो डबा. खाखरे, मेथीचे थेपले, दशम्या, कोरडी चटणी, भाजका चिवडा. चार दिवसांच्या सहलीला पाच दिवसांचा शिधा. या सवयीमागे नियम आहे आणि नियमाचा आदर राखलाच पाहिजे. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो की माणूस केरळ पाहून येतो, आसाम पाहून येतो, आणि दोन्हीकडे जेवतो मात्र स्वतःच्याच स्वयंपाकघरात.

गेल्या पौषात पुण्याहून दारव्ह्याला आलेल्या एका कुटुंबाजवळही असा डबा होता. यवतमाळपासून सुमारे 40 किलोमीटरवरील हे तालुक्याचे गाव त्यांचे मूळ गाव. कुटुंबातील आजोबांनी सत्तरी ओलांडलेली. त्यांच्या वडिलांची येथे आडत होती. कापूस आणि तूर हा मुख्य व्यवहार. दुकान बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटली, आता राहते घरही विकायचे ठरले होते. कागदपत्रांसाठी चार दिवस मुक्काम करावा लागणार होता. सोबत मुलगा, सून आणि नोकरीनिमित्त परदेशी राहणारी नात होती.

ही नात नुकतीच मेक्सिकोतील कोझुमेल बेटावर सुट्टी घालवून आली होती. कॅरिबियन समुद्रातील या बेटाच्या धक्क्याला प्रचंड प्रवासी जहाजे लागतात, आणि धक्क्यासमोरची उपाहारगृहे त्या जहाजांतील पाहुण्यांसाठीच चालतात. स्थानिक माणूस तेथे फिरकत नाही. तो आतल्या गल्ल्यांत, नगरपालिकेच्या मंडईतील छोट्या खाणावळींत दुपारचे जेवण घेतो. त्या खाणावळीला तेथे ‘कोसिना इकोनोमिका’ म्हणतात. म्हणजे काटकसरीचे स्वयंपाकघर. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याच्या भाकऱ्या आणि काळ्या घेवड्याची उसळ हा तेथील रोजच्या जेवणाचा पाया. उसळ शाकाहारी दिसते, पण बहुधा तिच्यात डुकराची चरबी असते. म्हणून ‘चरबी नको’ हे शब्द स्पॅनिशमध्ये पाठ करून जावे लागते. नातीने ते पाठ केले होते. चौकशी केली, दोन ठिकाणी नकार ऐकला, तिसऱ्या ठिकाणी जेवली. बंदराकडे पाठ करून दोन गल्ल्या आत चालत जावे, हा धडा तिने त्या बेटावरून आणला होता.

दारव्ह्यात पोहोचल्यावर तिने पहिला प्रश्न केला, “आजोबा, इथली माणसं जेवतात कुठं?”

आजोबा म्हणाले, “घरी.”

हे उत्तर शब्दशः खरे आहे. तालुक्याच्या गावात स्थानिक अन्न पाट्यांवर सापडत नाही. रस्त्यालगतच्या ढाब्यांवर पनीर आणि मंचुरियन मिळते, तेच पुण्यात मिळते आणि नागपुरातही. बसस्थानकाच्या परिसरात सकाळी पोहे असतात. वऱ्हाडी पद्धतीने त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. चव उत्तम असे खाणारे सांगतात. परंतु फोडणीतच कांदा आणि तर्रीत लसूण, शिवाय भजी आणि आलूबोंडे तळणारी कढई एकच. तेथे ‘आमच्यासाठी वेगळे करा’ असा आग्रह धरणे म्हणजे हातगाडीवाल्याच्या सकाळच्या धंद्याचा खोळंबा करणे होय. व्यापाऱ्याच्या घरातील माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाजारात एक जागा मात्र अशी असते की जेथे काही विचारावेच लागत नाही. ती म्हणजे भडभुंज्याची भट्टी. तापलेल्या वाळूत हरभरे टाकायचे, लोखंडी झाऱ्याने हलवायचे, चाळायचे. तेल नाही, मसाला नाही, कालचे उरलेले काही नाही. ऊन ऊन फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेल्या फल्ल्या. वऱ्हाडात शेंगदाण्याला फल्लीदाणा म्हणतात आणि तेलाला फल्लीतेल. येथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाहेरची सून पहिल्यांदा बाजारात जाते आणि ‘सांबार घ्या, सांबार’ ऐकून इडली शोधू लागते. लाल भोपळ्याचे येथील नाव कोहळे. गावच्या माणसासारखे खायचे तर आधी गावच्या भाजीचे नाव यावे लागते. पुण्याची सून ही नावे दुसऱ्या दिवशीपर्यंत सहज बोलू लागली.

दुपारी कागदांच्या कामात खंड पडला तेव्हा आजोबा सर्वांना मोतीबाग स्टेशनकडे घेऊन गेले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची ‘शकुंतला’ विसाव्या शतकाच्या आरंभी घातली गेली, ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीचा हा उद्योग. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. दारव्ह्याहून पुसदकडे एक फाटाही जात असे. तो केव्हाच उखडला गेला, आणि मुख्य मार्गावरील गाडीही काही वर्षांपासून बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मोठ्या मार्गावर दारव्हा येणार आहे. त्याच्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 रोजी झाले. शकुंतला इतकी संथ चालत असे की आजोबांच्या लहानपणी आई कारंज्याच्या मंदिरांच्या दर्शनाला जाताना डबा गाडीतच सोडायची. कारंजा म्हणजे तीन भट्टारक परंपरांचे आणि 1918 साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाचे गाव. तेथील जुन्या ग्रंथभांडारांमुळे कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. तिच्यात 1932 साली छापलेला ‘सावयधम्मदोहा’ हा अपभ्रंश ग्रंथ श्रावकाच्या आचाराविषयीच आहे. वारसा शेजारीच आहे. आडतीच्या हिशेबात तो वाचायला सवड मिळाली नाही एवढेच.

आता मुख्य गोष्ट. दारव्ह्याच्या परिसरातील खरे जेवण शेतकऱ्याच्या चुलीवर असते, आणि ते पाहिले तर लक्षात येते की त्यातील निम्मेअधिक पदार्थ थोड्या फरकाने जैन ताटात बसतात. ज्वारीची भाकरी आणि वरण यांबद्दल प्रश्नच नाही. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्यांत शिजवतात, वरून फल्लीतेलाची फोडणी देतात. तुरीची डाळ भिजवून वाटून वाफवलेले फुणके आहेत. बेसनाची पातोडी आहे. तिचा रस्सा कांदालसणाविना तीळ, खोबरे आणि सांबाराच्या वाटणावर करता येतो. गोळ्यांची कढी आहे, पण तेथे द्विदलाचा नियम पाळणाऱ्याने सावध असावे: कच्च्या ताकात डाळीचे पीठ कालवण्याची सर्वत्र पद्धत आहे. ताक आधी उकळून घ्यावे आणि मग पीठ लावावे, एवढी विनंती करणारीने समजून घेतली तर चव तिळमात्र बिघडत नाही.

ऋतूची अडचण मात्र खरी आहे. वऱ्हाडातील पालेभाज्यांचा बहर पावसाळ्यात असतो, आणि नेमका तेव्हाच चातुर्मासात आपल्याकडे पालेभाजीचा त्याग असतो. म्हणून जैन प्रवाशाने दारव्ह्याला यायचे ते पौष-माघात. तेव्हा ज्वारीचा हुरडा असतो, बोरे असतात, आणि तुरीचे सोले असतात. ओल्या तुरीच्या शेंगा सोलून काढलेले हे हिरवे दाणे मोठ्या शहरांत क्वचितच दिसतात. आजोबांच्या घराण्याने तीन पिढ्या तूर तोलली. ओलावा किती, माती-काडी किती, दाणा चकाकतो की सुरकुतला, हे मुठीत घेऊन सांगणारी ही माणसे. पण सोल्याची भाजी शेतावर बसून त्यांच्यापैकी कोणी खाल्ली नव्हती.

त्यामागे एक जुने अंतर होते. आजोबांचे वडील वसुलीसाठी आणि मालाच्या सौद्यासाठी खेडोपाडी जात, शेतकऱ्यांच्या ओट्यावर तासन् तास बसत, लग्नकार्यात आहेर करीत. पण कोणाकडे पाण्याचा घोटही घेत नसत. गाळलेले पाणी, सूर्यास्ताचा नियम, कंदमुळांचा त्याग, यांपैकी काहीही समोरच्याला समजावून सांगण्याची त्या काळी गरज वाटली नाही. न सांगितलेल्या नियमाचा अर्थ समोरचा आपल्या परीने लावतो.

तिसऱ्या दिवशी बाजारात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाने आजोबांना ओळखले आणि शेतावर रोडग्यांच्या जेवणाचे आमंत्रण दिले. आजोबा घटकाभर घुटमळले. मग त्यांनी आपले नियम एकामागून एक मोजून सांगितले. वडिलांनी कधी न सांगितलेले. कांदा, लसूण, आलू नको. वांगे नको. पाणी गाळून उकळलेले हवे. जेवण दिवस मावळण्यापूर्वी. तो शेतकरी हसून म्हणाला, “शेटजी, शेतावर अंधारात जेवते कोन?”

रोडगा म्हणजे बाटीचाच वऱ्हाडी नातलग. रवाळ कणकेच्या तेल लावलेल्या पुऱ्या एकावर एक ठेवून त्यांचा गोळा वळतात आणि गोवऱ्यांच्या आरात भाजतात. फोडल्यावर आतून पदर सुटतात. त्यावर तूप आणि वरण. सोबत वांग्याची भाजी हवीच असा येथील संकेत आहे. त्या दिवशी वांग्याच्या जागी कोहळे शिजले. सुनेने एकच गोष्ट हळूच विचारली: गोवऱ्या झटकून, उलटून पाहिल्या का? त्यांच्या सांदीत जीव असतात. शेतकऱ्याच्या पत्नीला या प्रश्नाचे नवल वाटले नाही. विंचवाच्या भीतीने ती त्या रोजच झटकून घेते. कारण वेगळे, कृती एकच.

सोल्याची भाजी तिळाच्या कुटात केली होती. नातीने दुसऱ्यांदा वाढून घेतली. आजोबा बोलले नाहीत, पण त्यांनी भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून घेतले.

पाणी देण्याची वेळ आली तेव्हा शेतकऱ्याची वृद्ध आई स्वतः उठली. स्वच्छ धडप्याने तोंड बांधलेल्या कळशीतून तिने पेला भरला आणि तो हातात धरूनच उभी राहिली. “शेटजी, तुमचे बाबूजी आमच्या वट्ट्यावर कितीक डाव बसले, पन गिलासभर पानी नाई पेले. माह्या सासऱ्याले वाटे, आपल्या घरचं पानी याईले चालत नाई.”

आजोबा म्हणाले, “काकू, ते पाणी गाळल्याशिवाय कुठंच घेत नसत. बहिणीकडे गेले तरी आधी गाळणं मागत.”

“मंग सांगाचं नाई का? धडपं तं आमच्याइथंई होतं.”

आजोबांनी पेला घेतला आणि पूर्ण रिकामा केला. सूर्य पळसांच्या रांगेवर टेकला होता. त्या दिवसाचे ते त्यांचे शेवटचे पाणी.

चौथ्या दिवशी घराचा व्यवहार पुरा झाला. निघताना वृद्धेच्या नातवाने गाडीत सोल्यांच्या शेंगांची पिशवी ठेवली. डब्यातील खाखरे आणि थेपले जसेच्या तसे उरले होते; सुनेने ते त्याच्या हाती दिले आणि थेपले आजच संपवायला बजावले. त्याने खाखऱ्याचा एक तुकडा तेथेच तोंडात टाकला, थोडा वेळ चावला आणि विचारले, “काकू, हे भाजते कायच्यावर?”