पत्र्यामागचं गिरगाव

गिरगावात एखादी चाळ पाडली की शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर ती पुढे कितीतरी वर्षं दिसत राहते. इथल्या इमारती एकमेकींना खेटून बांधलेल्या. एक गेली की दुसरीची आजवर ऊन न लागलेली बाजू उघडी पडते आणि तिच्यावर गेलेल्या खोल्यांचे रंग चिकटून राहिलेले असतात. खालच्या मजल्यावर निळा, त्याच्यावर पोपटी, त्याच्यावर दिवाळीच्या तोंडावर घरच्या घरी हात मारलेला फिका गुलाबी. जिन्याची तिरकी रेघ मजल्यामागून मजला वर चढत गेलेली. एका जागी देवाचा कोनाडा आणि त्याच्या कमानीवर समईची काजळी. मोरीच्या जागी कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स. मुगभाटाकडे जाताना अशी एक भिंत लागते. पावसाळ्यांनी गुलाबी धुऊन नेला, पोपटीवर शेवाळ चढलं, कोनाडा मात्र अजून ओळखू येतो.

त्या भिंतीच्या पायथ्याशी रस्त्याच्या बाजूने पत्रे ठोकलेत. पत्र्यांवर होऊ घातलेल्या इमारतीचं चित्र होतं, त्याचा रंग उडाला. ताबा देण्याचं वर्ष लिहिलं होतं, ते कोणीतरी खरवडून काढलं. फटीतून आत पाहिलं तर पाण्याचं डबकं, गंजून लाल झालेल्या सळयांचे झुबके आणि एक पिंपळ दिसतो. काम थांबलं तेव्हा तो पायाच्या खड्ड्यात उगवला असणार, आज शेजारच्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकलाय. आत रखवालदाराचं कुटुंब राहतं. बांधकाम बंद पडलं तरी राखण करायला माणूस लागतोच. त्याच्या बायकोने डबक्याकाठी अळू लावलंय आणि शेजारच्या इमारतीतल्या बायका गुरुवारी-शुक्रवारी ते मागून नेतात.

अशा जागा गिरगावात आता नेहमीच्या झाल्या आहेत. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून फणसवाडीकडे जा, किंवा लग्नपत्रिकांच्या दुकानांच्या खाडिलकर रोडवरून, जुनी माणसं ज्याला अजून कांदेवाडीच म्हणतात, चालत जा. डोळ्यांपेक्षा कानांना त्या आधी कळतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला गॅलऱ्यांतून कुकरच्या शिट्ट्या येतात, बातम्या ऐकू येतात, एखाद्या खोलीत मुलगी पाढे म्हणत असते, कुठेतरी पेटीवर बोटं फिरत असतात. मग एकदम काहीच नाही. पत्रा वाऱ्याने वाजतो तेवढाच. पत्र्यांची रांग संपली की पुन्हा कुकर, पुन्हा बातम्या.

हे का झालं, ते गिरगावातलं शेंबडं पोरही आपापल्या परीने सांगतं, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात थोडं खरं असतं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली घरभाडी १९४०च्या पातळीवर बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत त्या कायद्याने माणसांना आधार दिला. छापखान्यात खिळे जुळवणारा, पेढीवर कारकुनी करणारा, गिरणीत जाणारा माणूस समुद्रापासून दहा मिनिटांवर राहू शकला तो त्याच्यामुळे, हे मी कधीच विसरणार नाही. पण भाडं जागच्या जागी राहिलं आणि लाकूड, सिमेंट, मजुरी वाढत गेली. मालकाला छप्पर शाकारणं परवडेना. भाडेकरूने पागडी मोजलेली, म्हणून मनाने तो मालक. कागदावर मात्र भाडेकरूच. अशा दोन अर्ध्या मालकांच्या मध्ये इमारती म्हाताऱ्या झाल्या. त्या कोसळायला लागल्यावर १९६९मध्ये वेगळा कायदा आला, दुरुस्ती मंडळ आलं, आणि उपकर घेऊन सरकारने दुरुस्ती करायची असं ठरलं. सुरुवातीला त्या यादीत १९,६४२ इमारती होत्या. सरकारी भाषेत उपकरप्राप्त, आमच्या बोलण्यात ‘सेसची बिल्डिंग’. १ सप्टेंबर १९४०च्या आधी बांधलेल्या त्या पहिल्या वर्गातल्या, आणि गिरगावच्या चाळी बहुतेक त्याच वर्गातल्या. मंडळाने सागाच्या खांबांना लोखंडी पट्ट्या मारल्या, तुळयांखाली टेकू दिले. पुष्कळ ठिकाणी टेकू तात्पुरते म्हणून लागले आणि तिथेच राहिले. त्यांना खिळे ठोकून लोकांनी छत्र्या अडकवल्या.

मग १९९१च्या विकास नियमावलीतला ३३(७) आला. वाडीतल्या आजोबांनाही हा आकडा कंसासकट पाठ असतो. जुन्या भाडेकरूंना फुकट घर द्यायचं, त्याबदल्यात बिल्डरने जादा बांधून बाजारात विकायचं. आधी किमान २२५ चौरस फूट, पुढे ३००. एकशेसाठ-एकशेऐंशी फुटांच्या खोलीत, संडासाच्या रांगेत ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या, त्यांना घरात स्वतःचा संडास आणि वर जायला लिफ्ट हा केवढा दिलासा असतो, ते ब्लॉकमध्ये वाढलेल्याला सांगून समजणार नाही. म्हणून चाळ जपा, चाळ हीच आमची संस्कृती, असं लांबून म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. चाळीतल्या माणसांना नवं घर हवंच आहे, आणि ते त्यांच्या हक्काचं आहे.

सह्या झाल्या. पूर्वी सत्तर टक्के लागायच्या, आता एक्कावन्न पुरतात. आणि नंतर सगळं थांबलं. कुठे मालकाचे आठ वारस आणि त्यांतला एक परदेशात. कुठे तळमजल्याचा दुकानदार कोर्टात गेला. कुठे प्लॉट इतका लहान की वर दिसतो तेवढा नफा प्रत्यक्षात निघेना. कुठे बिल्डरने एका इमारतीचे पैसे दुसरीत घातले, आणि २०१८नंतर वित्तसंस्थांनी हात आखडल्यावर दोन्ही अडकल्या. कारणं निरनिराळी, पत्रे सगळीकडे सारखेच.

मला सगळ्यात जास्त सलतं ते या पत्र्यांच्याही आधीचं आहे. संमतीपत्रावर सही केली त्या दिवसापासून माणसं इमारतीची काळजी घेणं सोडून देतात. जिन्याची पायरी निखळते. कोणीतरी म्हणतं, ‘आता काय, पाडायचीच आहे.’ दिवा गेला की बदलायचा कोणी, यावर बोलणं होत नाही. गळक्या पन्हाळीखाली बादली येते आणि बादली फुटल्यावर दुसरी बादली येते. मंडळही ना-हरकत दिलेल्या इमारतीवर पैसा कशाला घालेल? आणि इमारतीबरोबर घरातल्या गोष्टीही लांबणीवर पडतात. फ्रिज नव्या घरात घेऊ. मुलाला अभ्यासाचं टेबल नव्या घरात करू. मुलीचं लग्न नव्या जागेतून करू, पाहुणे उतरायला जागा होईल. एका घरात मी मुलाच्या अभ्यासाचं हे बोलणं ऐकलं होतं. तो मुलगा बारावी झाला, नोकरीला लागला, टेबल आलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी माझ्या ओळखीच्या. गुडघे गेले तेव्हा मुलाने पहिल्या मजल्यावर भाड्याची खोली बघू म्हटलं. आजी म्हणाल्या, ‘दोन वर्षांत लिफ्ट येतेय ना, कशाला खर्च?’ दोन वर्षांनी काम सुरूही झालेलं नव्हतं. आता त्या खाली उतरत नाहीत. भाजीवाल्याने हाक दिली की दोरीने टोपली सोडतात, टोपलीत पैसे, वर येताना मेथी. लिफ्टवरचा त्यांचा विश्वास अजून मोडलेला नाही, आणि तो मोडावा असं मला वाटत नाही; पण त्या विश्वासाच्या जिवावर कोणीतरी वर्षानुवर्षं स्वस्थ बसून आहे, याचा संताप येतो.

राहायचं तर जीव मुठीत घेऊन. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती इमारत एका मोठ्या समूह पुनर्विकास योजनेतच होती. काही कुटुंबं आधी हललेली, काही मागे राहिलेली. त्या सकाळनंतर गिरगावातली माणसं रात्री लाकूड करकरलं की उठून बसायची. करकर नेहमीचीच होती.

आणि जायचं तर कुठे? बिल्डर भाडं देतो म्हणाला, म्हणून माणसं अकरा महिन्यांच्या करारावर बाहेर पडली. आधी जवळ बघितलं, परवडेना. मग बोरिवली, मग नालासोपारा, विरार, बदलापूर. पहिल्या वर्षी चेक वेळेवर आले. नंतर उशिरा, नंतर निम्मे, नंतर फोन उचलणं बंद. दर अकरा महिन्यांनी तेच सामान, तोच टेम्पो, नवी शाळा किंवा जुन्या शाळेसाठी पहाटेची लोकल. ज्यांना म्हाडाने, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाने, संक्रमण शिबिरात हलवलं, त्यांच्यातल्या कित्येकांची मुलं तिथेच जन्मली आणि बोहल्यावर चढली. ज्यांची इमारत पुन्हा उभीच राहू शकत नाही, त्यांच्यासाठी मास्टर लिस्ट आहे. तिच्यात नाव लागावं म्हणून लोक चाळीस वर्षांपूर्वीच्या भाडेपावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरतात.

गणपतीत मात्र सगळे येतात. १८९३पासून केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसतो, आणि वाड्यावाड्यांतली मंडळं त्यानंतर उभी राहिली. एका मंडळाची वर्गणीची वही मी पाहिली. चाळ पडून बराच काळ लोटलेला, मांडव आता पत्र्यांसमोर, निम्म्या रस्त्यावर. वहीत नावं अजून मजल्यांप्रमाणे लावलेली होती: तळमजला, खोली ३, पहिला मजला, खोली ११. समोरच्या रकान्यात मोबाइल नंबर, आणि रक्कम आली तर फोनवरच्या पैशांची खूण. खोली ११ आज विरारला आहे. खोली १४ बंद. आजोबा गेले, मुलगा पुण्याला. वही लिहिणाऱ्या मुलाला विचारलं, आडनावांप्रमाणे का नाही लावत? तो म्हणाला, ‘मग आरतीला कोणाच्या शेजारी कोण उभं राहायचं ते कसं कळणार?’ दहा दिवस ती माणसं त्या पत्र्यांसमोर मजल्यांप्रमाणेच उभी राहतात. मोदकाचं सारण कोणी करायचं तेही पूर्वीच्याच मजल्याकडे असतं, फक्त आता ते डब्यात भरून लोकलने येतं.

वरळीच्या बीडीडी चाळींत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांची घरं मिळाली. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, १६० फुटांच्या खोल्या, भूमिपूजन २०१७चं. आठ वर्षं लागली, पण चाव्या हातात आल्या. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८चा. विकासकाला काढून म्हाडाला काम हाती घ्यावं लागलं, आणि तेव्हा सही करणाऱ्यांतले कितीतरी घर बघायला उरले नाहीत. दोन्हीकडे जमीन सरकारी होती. गिरगावातल्या खासगी मालकाच्या, दोन-तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटसाठी एवढं कोण झटणार?

कायद्याने एक मोठी फट ठेवली आहे. वरचा विकाऊ फ्लॅट घेणाऱ्याला रेराकडे, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे, दाद मागता येते. त्याच इमारतीत परत यायचं असलेला मूळ भाडेकरू मात्र घर विकत घेणारा नाही, म्हणून रेराच्या दारात त्याला उभं राहणं कठीण. ज्याची जागा, त्यालाच संरक्षण कमी. म्हाडाच्या कायद्यात ९१-अ हे कलम आलं, २०२२च्या शेवटी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि भाडं थकवणाऱ्या, काम अर्धवट टाकणाऱ्या बिल्डरकडून प्रकल्प ताब्यात घ्यायचा रस्ता निघाला. तो रस्ता नेटाने वापरला पाहिजे. आणि त्याहून आधी, कोणालाही खोली रिकामी करायला सांगण्यापूर्वी, सगळं काम पुरं होईपर्यंतचं भाडं बँकेत वेगळं जमा झालेलं असलं पाहिजे. माणसं एकदा बाहेर पडली की त्यांच्या हातात काही उरत नाही.

हे आता लोकांनाही कळू लागलंय. झावबावाडीच्या पुढे एका चाळीत नव्या बिल्डरचा मसुदा आलाय. गॅलरीत सतरंजी अंथरून सभा होते, वकिली शिकणारी एक मुलगी कलमामागून कलम मोठ्याने वाचते, बायका मध्येच थांबवून विचारतात, ‘हे परत वाच.’ भाड्याच्या कलमावर गाडं अडलंय आणि भाडेकरूंनी ते अडूच दिलंय. दरम्यान त्यांनी आपसांत वर्गणी काढून जिना दुरुस्त करायला घेतला. समोरच्या इमारतीतल्यांनी विचारलं, पाडायची ती कशाला करताय? उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही; सुतार आला होता. पहिल्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या झाल्या, कठड्याला हिरवा तेलरंग लागला. एका पाडलेल्या चाळीचा जुना सागवान स्वस्तात मिळाला, तो वापरलाय. दुसऱ्या मजल्यासाठी चार फळ्या कमी पडल्या. त्या बुधवारी येणार आहेत, तोवर सुताराने निखळलेल्या पायरीवर दोन पट्ट्या ठोकून ठेवल्यात.