गोळा

आंबिया बहराचा तोडा सुरू होता. बागेत माणसं कमी, म्हणून मीही क्रेट उचलत होते. भरलेला क्रेट वीस-बावीस किलोचा. एक उचलून वळले आणि डाव्या ओटीपोटात अशी कळ आली की क्रेट हातातून सुटला. संत्री घरंगळत धुऱ्यापर्यंत गेली. ह्यांनी आधी संत्री पाहिली, मग माझं तोंड. तोंड पाहिल्यावर संत्री विसरले.

खरं म्हणजे दुखणं वर्षभराचं होतं. पोटही वर आलं होतं. जाऊबाई म्हणायच्या, "वय झालं आता, सुटनच पोट." मलाही ते पटायचं. बाईचं ओटीपोट हा आमच्या नरखेडकडे बोलायचा विषयच नाही. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीच्या पोटात गोळा होता. मोवाडचा पूर आला त्या साली, १९९१ मध्ये, ती गेली. गोळा कशाचा, हे कुणी कधी बोललं नाही.

काटोलला सोनोग्राफी केली. डाव्या अंडाशयावर नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. पाळी येणाऱ्या बायकांना लहान गाठी होतात आणि पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात. ही तशी नव्हती. एवढ्या मोठ्या गाठीला पीळ पडला तर अंडाशयाचं रक्तच अडतं. ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं.

घरी बातमी कळली तशा जाऊबाई म्हणाल्या, "पोट उघडतच हायेत तं पिशवीही काढून टाक वं माय. दोन लेकरं झाले, आता काय तिचं लोणचं घालतं?"

हसू आलं, पण मनात धास्तीही बसली. २०१९ साली बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं पेपरात वाचलं होतं. माझं वय अडतीस. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "पिशवीला काही झालंय का?"

"नाही."

"मग ती राहू द्या."

माझ्या शरीराबद्दल मी स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट.

रक्त साडेआठ भरलं. म्हणून तीन आठवडे थांबलो. त्यात पुन्हा तशी कळ आली तर रात्र-अपरात्र न पाहता निघा, अशी ताकीद होती. दोनदा सलाइनमधून लोह दिलं, बाकी गोळ्या. आजवर मी लोहाची गोळी चहासोबत घ्यायचे. चहानं ते लोह अंगी लागत नाही, लिंबू-संत्र्यानं लागतं, हे तेव्हा कळलं. संत्र्याच्या बागेत राहून मी चहा पीत होते! सासूबाई रोज संध्याकाळी एक संत्रं सोलून समोर बसायच्या, संपेपर्यंत उठायच्या नाहीत.

नरखेडहून गाडीनं निघालो. पिशवीत दोन सैल गाऊन होते, कारण परकराची नाडी टाक्यांवर करकचते. कागदांच्या झेरॉक्स होत्या. घरचं दूध आणि पाणी जाऊबाईंनी आपल्या अंगावर घेतलं. ऑपरेशनच्या सकाळी बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र उतरवलं. सासूबाईंनी ते रुमालात बांधून कनवटीला खोचलं. चार दिवस तो रुमाल त्यांनी झोपेतही सोडला नाही.

शुद्धीवर आले तेव्हा तहान आणि थंडी, एवढंच आठवतं. दुसऱ्या दिवशी नर्सनं उभं केलं. कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं. खोकला आला की उशी पोटाशी धरायची. आणि वॉर्डात सगळ्यांचा एकच प्रश्न, "वारा सरला का?" तो सरल्याशिवाय पोटात अन्न नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजीचा सरला तेव्हा आम्ही पाचही जणी हसलो, आणि टाके धरून रडलोही.

तिसऱ्या रात्री हे जवळ बसले. म्हणाले, "डॉक्टरनं मले गोया दाखवला. केस होते त्यात. अन् दातावानी काहीतरी. गावात नोको सांगू, लोक करणी म्हणतीन."

मीही घाबरले. सकाळी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अंडाशयातल्या पेशीत शरीराचं सगळं घडवायची ताकद असते. एखादी पेशी भलत्या वेळी एकटीच वाढू लागते, मग केस, चरबी, कधी दातही तयार होतो. डर्मॉइड म्हणतात त्याला, आणि बहुतेकदा तो साधाच असतो. ह्यांना ते लगेच उमजलं. "खुंटाले फुटवा येते तसं. आपन फुटवा काढतो, झाड नाही तोडत."

तरी गाठीच्या तपासणीचा कागद येईपर्यंत दहा दिवस आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. कॅन्सर नव्हता.

सहा आठवडे वजन उचलायचं नाही, असं बजावलं होतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई नवं पथ्य सांगून जायची. भात नको, वांगं नको, टाके पिकतात. एकीनं संत्रंही बंद करायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं खायला सांगितलं होतं. सगळ्यात अवघड होतं नुसतं बसणं. भरलेली बादली दिसली की हात आपोआप पुढे जायचा.

एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, "तुया गोयात काय निंघालं वं?"

मी खरं ते सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

"माया बहिणीचंही असंच असन का? लोक म्हनत, तिच्या जावेनं करणी केली. मरेपर्यंत त्या जावेसंग कोनी बोललं नाही."

"तिचा गोळा कशाचा होता ते आता कसं सांगणार, आई? पण करणी नव्हती."

दुसऱ्या दिवशी भेटायला बाया आल्या. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "केस निंघाले तिच्या गोयात. होते तसं. कोनी काही केलेलं नसते." आणि चहा टाकायला आत गेल्या.

बाया पांगल्या. जाऊबाई मात्र उंबऱ्याशी रेंगाळल्या. कपबशा आवरता आवरता, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "काटोलची ते डॉक्टरीण कोनत्या वारी बसते वं?"