दिवा आणि वही

आई इस्पितळात होती तेव्हा मी रात्री वॉर्डात बसायचो. सिस्टर टॉर्च घेऊन यायच्या, सलाईन बघायच्या, वहीत काहीतरी लिहून जायच्या. मला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र आठवायचं. तुम्हीही पाहिलं असेल. त्यात बहुधा पणतीसारखा दिवा असतो. खरा होता घडीचा तुर्की कंदील, फानूस. आपला फाणस त्याच शब्दाचा भाऊ. १८५७ साली लाँगफेलोने कवितेत तो दिवा अमर केला. पण १८५८ साली तिने मृत्यूंच्या नोंदींवरून रंगीत आकृत्या काढून दाखवलं, की क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त सैनिक दगावले. ती वही कवितेत आली नाही.

मी कारकून, जन्म नोंदवह्यांत गेला. तरी मीही टॉर्चच पाहत होतो. पहाटे आईचा ताप चढला. डॉक्टरांनी आल्या आल्या आधी वही मागितली.