दातांची शिवशिव आणि पिंजऱ्याचे दार

मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पिल्लू, मग ते जर्मन शेफर्ड असो, लॅब्रेडॉर असो की कारवानी, वस्तू कुरतडते ते द्वाडपणाने नव्हे, ही गोष्ट पालकाला मनापासून पटली की शिकवण्याचे निम्मे काम सोपे होते. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या सुजतात, ठणकतात, आणि काहीतरी चावल्याने त्या ठणक्याला थोडा वेळ तरी उतार पडतो. दात आल्यावरही चावणे लगेच थांबत नाही, कारण पिल्लू अनोळखी वस्तूची ओळख तोंडानेच करून घेते आणि मोठ्या जातींत ही उमेद वर्ष-दीड वर्ष टिकते. फरक एवढाच की छोट्या जातीचे पिल्लू चपलेचा अंगठा तोडते, तर पाच महिन्यांचे रॉटवायलर पलंगाचा पाय झिजवते.

जालना जिल्ह्यात ही सवय गावातल्या घरापेक्षा शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठा, अवजारे आणि राखणदाराची खोली जिथे एकत्र असते त्या ठिकाणी, अधिक महागात पडते. अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांत मोसंबीच्या बागांच्या राखणीसाठी मोठ्या जातीचे पिल्लू आणले जाते आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते ठिबकच्या नळ्यांकडे वळते. पिल्लाच्या बाजूने पाहिले तर 16 मिलिमीटरच्या त्या काळ्या नळीइतकी मनाजोगी वस्तू बागेत दुसरी नाही: उन्हाने मऊ झालेली, आतल्या पाण्याने ओलसर, दाताखाली किंचित दबणारी, ओढली की सरपटत मागे येणारी आणि एकदा भोक पडले की तोंडावर पाण्याची चिळकांडी उडवणारी. ती चिळकांडी म्हणजे पिल्लाला मिळालेले बक्षीसच असते, आणि ज्या कृतीला बक्षीस मिळते ती पुन्हा केली जाते हा शिक्षणाचा मूळ नियम पालकाच्या नकळत तिथे लागू होऊन जातो. नंतर कितीही रागावले तरी त्या नळीची गोडी उतरत नाही.

नळी बदलता येते; काही वस्तूंची भरपाई मात्र होत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केल्यापासून जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाते, आणि मृगाच्या तोंडावर जिल्ह्यातल्या घराघरांत सरकीच्या पिशव्या येऊन पडतात. कीटकनाशक चोळून रंगवलेल्या, म्हणजेच बीजप्रक्रिया केलेल्या त्या बियाण्याची फाटकी पिशवी पिल्लाच्या आवाक्यात राहू देणे धोक्याचे असते. एरंडीच्या पेंडीचा वास कुत्र्यांना ओढून घेतो आणि तिच्यात रिसिन हे जहाल विष शिल्लक असू शकते. कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात खाली पडलेले घड आणि बेदाणेही वर्ज्यच समजावेत, कारण द्राक्षांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणून चावण्याला आवर घालण्याची पहिली पायरी पिल्लाला काही शिकवण्याची नसून, जिथे लक्ष ठेवता येत नाही तिथे ते मोकळे राहणार नाही अशी व्यवस्था करण्याची आहे.

ही व्यवस्था आपल्याकडे आजवर साखळीने केली जात आली. साखळीला बांधलेले पिल्लू नळीपर्यंत पोहोचत नाही हे खरे, पण ते खुंट्याभोवती फिरत राहते, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकून भुंकून चिडखोर होते आणि हाताशी येईल ते, शेवटी स्वतःची साखळीसुद्धा, चावत बसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे कलम 11 आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानते. त्याच कलमात, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणेही येते. ही दुसरी बाजू पिंजरा घेणाऱ्याने आधी वाचावी. साखळीऐवजी वापरायचा पिंजरा, अर्थात क्रेट, म्हणजे पिल्लाला मान न वाकवता उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय ताणून झोपता येईल अशी, दार असलेली विश्रांतीची जागा. तिथे पिल्लू झोपते. तिथे ते राहत नाही.

हा भेद प्रत्यक्षात दाराच्या हाताळणीत दिसतो. सुरुवातीचे काही दिवस दार उघडेच बांधून ठेवावे, म्हणजे ते वाऱ्याने आपटून पिल्लाला दचकवणार नाही, आणि रोजचे जेवण आत, आधी दाराशी व मग हळूहळू मागच्या बाजूला सरकवत ठेवावे. पिल्लू स्वतःहून आत जाऊन खाऊ लागले की ते खात असताना दार लोटावे आणि खाणे संपण्यापूर्वी उघडावे. पुढे बंद दाराचा वेळ मिनिटामिनिटाने वाढवावा, त्यात पालकाने आधी शेजारी बसावे, मग खोलीत वावरावे, मग क्षणभर दिसेनासे व्हावे. पिल्लू कुईकुई करू लागले तर पायरी मोठी पडली असे समजून एक पायरी मागे यावे, मात्र त्याला लघवीला जायचे असेल तर मुकाट्याने बाहेर न्यावे. महिन्यांत मोजलेल्या वयात एक मिळवला की तितके तास पिल्लू लघवी धरू शकते, असा ठोकताळा प्रशिक्षक वापरतात. पण ती क्षमतेची कमाल झाली, आणि दिवसा तितका वेळ कोंडण्याची ती परवानगी नव्हे. काही फाडले म्हणून रागाने क्रेटमध्ये ढकलणे तर कटाक्षाने टाळावे, कारण एका रागाने अनेक दिवसांची मेहनत वाया जाते.

क्रेटविषयीचे बरेचसे मार्गदर्शन थंड देशांतून आले आहे आणि त्यात पिंजऱ्यावर जाड पांघरूण घालण्याचा सल्ला हमखास असतो. मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जाणाऱ्या जालन्यात तो सल्ला जसाच्या तसा पाळणे धोक्याचे आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. हवा कोंडली आणि दमट झाली की हा उपाय तोकडा पडतो आणि शरीराचे तापमान 41 अंशांपुढे गेले तर उष्माघाताने जीव जाऊ शकतो. पत्र्याच्या शेडखाली दुपारी क्रेट ठेवूच नये. धाब्याच्या किंवा स्लॅबच्या घरातली उत्तरेकडची खोली, चारही बाजूंनी जाळीचा क्रेट, खाली ओले केलेले गोणपाट आणि न सांडणारे पाण्याचे भांडे, इतके जमत असेल तरच दुपारची झोप क्रेटमध्ये असावी. जमत नसेल, तर एखादी खोली धोक्याच्या वस्तू हलवून मोकळी करावी आणि तिच्या दारालाच आडवी जाळी लावावी. क्रेटचे तंत्र त्या खोलीतही तितकेच चालते.

सळईसाठी नावाजलेल्या या शहरात वेल्डिंगच्या दुकानातून पिंजरा करून घेणे सहज शक्य आहे, आणि वाढत्या पिल्लासाठी ते सोयीचेही पडते: पूर्ण वाढीच्या मापाचा सांगाडा एकदाच करून आत सरकती जाळी बसवली की जागा वयाप्रमाणे वाढवता येते. जागा फार मोठी असेल तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपून दुसऱ्यात घाण करते. दोन गजांमध्ये जबडा अडकेल इतके अंतर नसावे, वेल्डचे टोकदार कण घासून काढलेले असावेत आणि आत सोडताना गळ्यातला पट्टा काढावा. रंगाची चौकशी अवश्य करावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांवर आणणारे नियम 2016 मध्ये आले, पण कारखान्यात वापरले जाणारे रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत, आणि पिल्लू तर गजच चावणार आहे.

क्रेट चावण्याची संधी कमी करतो, गरज कमी करत नाही. ती तोंडाला दुसरे काम देऊनच भागते. भिजवून, गाठ मारून फ्रिजमध्ये गार केलेले सुती फडके, गार गाजर, पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवलेला दहीभात, हे हिरड्यांना बरे वाटते, मात्र फडक्याच्या वेळी समोर बसून राहावे. शिजवलेली हाडे फुटून टोचतात आणि मक्याच्या कणसाचा दाणे काढलेला मधला भाग आतड्यात अडकतो. जुनी चप्पल खेळायला देणे ही सर्रास होणारी चूक, कारण जुन्या चामड्याचा आणि नव्याचा भेद पिल्लाला कळत नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या भोकरदन भागात वस्तूंना तिखट चोळण्याचा उपाय कुणालाही सुचेल. पण त्याने डोळे-नाक पोळते, आणि काय चावावे हे मात्र पिल्लाला समजत नाही. तोंडात नको ती वस्तू दिसली तर ओढाताण करू नये, तिच्या बदल्यात दुसरी द्यावी आणि ती चावू लागताच शाबासकी द्यावी.

धनगरांच्या वाड्यावरचे पिल्लूही चावते, पण दिवसभर कळपामागे चालून ते रात्री थकून झोपते आणि भोवती मोलाची म्हणावी अशी वस्तूही नसते. बांधलेल्या घरातल्या पिल्लाला नेमकी झोपच कमी पडते. कोवळ्या पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते, आणि संध्याकाळी घर गजबजलेले असताना जे पिल्लू वेड्यासारखे धावते, हाताला-पायाला चावते, ते बहुतेक वेळा पेंगुळलेले असते. पालक त्याला आणखी दमवायला जातात, त्याने चावणे वाढते आणि मोठ्या जातीच्या कोवळ्या सांध्यांवर भार येतो. अशा वेळी अंगणात नेऊन आणावे आणि क्रेटमध्ये चावायची वस्तू देऊन दिवा मालवावा.

काही पिल्ले मात्र सगळे संयमाने करूनही बंद दाराआड घाबरीघुबरी होतात, लाळ गाळतात, गजांवर दात मोडून घेतात. हा बहुतेकदा एकटेपणाच्या भीतीचा त्रास असतो. तिथे दार तत्काळ उघडावे, क्रेट बाजूला ठेवावा आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. अशा पिल्लाला आधी माणूस नजरेआड झाला तरी परत येतो एवढेच शिकवायचे असते, आणि त्या कामाला महिने लागू शकतात.