हौदाचं माप

पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम... कोल्हापुरात फुटबॉल संघांच्या नावातच तालीम आहे. बाहेरगावच्या माणसाला याचं नवल वाटतं. मला मात्र फुटबॉल शिकवायची रीत त्या शब्दातच सापडली. तालमीतल्या तांबड्या मातीच्या हौदात उतरलेल्या पैलवानांच्या जोडीला लपायला जागा नसते. पहाटे गांधी मैदानात पोरं यायच्या आधी पावलं मोजत मी शंकू मांडतो, तेव्हा डोळ्यांपुढे तोच हौद असतो.

२०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तेव्हापासून पालक विचारतात, "सर, पोराला मोठ्या मैदानावर कधी खेळवणार?" मी त्यांना हिशेब सांगतो. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानात बावीस खेळाडू, म्हणजे माणशी सव्वातीनशे चौरस मीटर. ३० बाय २० मध्ये चारास चार लावले, की माणशी पंचाहत्तरच. तिथं बॉल सारखा पायाशी येतो. कडेला उभं राहणारं बुजरं पोरही पास यायच्या आधी मान वळवून बघायला लागतं, कारण न बघितल्यास बॉल गेलाच.

अंगावरचा भारही मापानं बदलतो. चौकट लहान असली की थांबणं, वळणं, पुन्हा सुटणं वाढतं. मांड्या आणि घोटे भरून येतात. तीच ४० बाय ३० केली की धाप लागते. कडेला जादा बॉल ठेवले तर दम खायलाही उसंत नाही. म्हणून चार मिनिटं खेळ, तीन मिनिटं विसावा, अशा चार फेऱ्या. त्यापुढं पोरं ईर्षेनं पळतात खरी, पण पास चुकायला लागतात. तिथं मी शिट्टी वाजवतो.

एका हंगामात मी छोट्या चौकटीच्या इतका प्रेमात पडलो, की दुसरं काही घेतलंच नाही. सामन्यात आमचा विंगर मोकळ्या जागेत सुटला आणि मांडीचा मागचा भाग धरून खाली बसला. "सर, सरावात तर कधी दुखलं नव्हतं," तो म्हणाला. दुखणार कसं? वीस-तीस मीटरमध्ये पाय पुरते सुटायच्या आत रेषा येते. तसा पूर्ण वेग मी त्याला आठवडेच्या आठवडे दिलाच नव्हता. चूक माझी होती, आणि ती त्याच्या पायानं भोगली.

आता आठवड्यातून एक दिवस, अंग तापल्यावर, मी सगळे शंकू उचलतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजक्या धावा, मध्ये भरपूर विश्रांती. तो विंगर बरा होऊन परतला तेव्हा पहिली धाव त्यानं जपून घेतली. तिसऱ्या धावेला त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलंच नाही.