ऐब सांगून सौदा

मार्च ते मे हे दिवस आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचे. काढलेली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारात येते. बीट होते, कट्टे मोजले जातात, पट्टी हातात पडते. नेमके हेच दिवस आयपीएलचे. आम्हा वसमतच्या आठ जणांचा एक निराळा बाजारही याच दिवसांत भरतो. त्यात माल म्हणजे खेळाडू, आणि मोबदलाही खेळाडूच.

हा खेळ मूळचा अमेरिकेचा. डॅनियल ओक्रेंट या लेखकाने १९८० मध्ये न्यूयॉर्कला मित्र जमवून बेसबॉलसाठी तो सुरू केला. प्रत्येकाने लिलावात खरे खेळाडू घ्यायचे. खऱ्या सामन्यांत ते जे करतील, त्याचे गुण आपल्या संघाला. एक खेळाडू एकाच संघात. दुसऱ्याचा हवा असेल तर अदलाबदल करायची. या अदलाबदलीला एक मुदत असते. ती नसती तर शेवटी हरलेला माणूस आपले चांगले खेळाडू दोस्ताला वाटून मोकळा झाला असता, आणि दोन महिने हिशेब ठेवणाऱ्यांची मेहनत वाया गेली असती.

आमचे सगळे वहीवर चालते. लिलाव आयपीएलच्या आदल्या आठवड्यात. २०२४ साली रमजान होता म्हणून तरावीहनंतर केला. साखळी सामन्यांचे शेवटचे दोन आठवडे उरले की त्याआधीच्या शुक्रवारी, ईशाच्या नमाजनंतर, अदलाबदल बंद.

वहीत पैसा पहिल्यापासून नाही. सुरुवातीला ‘शेवटचा येईल त्याने सर्वांना चहा-भजी द्यायची’ असे ठरत होते. आमच्यातले मास्तर म्हणाले, “हरणाऱ्याच्या खिशातून खायचे म्हणजे शर्तच झाली. रकमेने काय फरक पडतो?” तेव्हापासून आठही जण सारखी वर्गणी काढतात. इस्लामपूर्व अरब उंट कापून त्याच्या वाट्यांसाठी बाण काढत. कुरआनने हराम ठरवलेला ‘मैसिर’ तो हाच. तिथेही खाण्याचीच शर्त होती, हे मास्तरांनी आठवण करून दिले. देशात मात्र पैशाचा खेळ फोफावला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा ठरवला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. आमच्या वहीला त्याची झळ लागण्याचे कारण नव्हते.

पैसा नाही म्हणून सौद्यात डोके लावायचे नाही, असे मात्र नाही. मुदतीच्या आठवड्यात पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिली, उरलेले सामने. ज्याच्या संघाचे चार सामने बाकी आहेत तो साधा खेळाडूही, दोनच सामने बाकी असलेल्या मोठ्या खेळाडूपेक्षा जास्त गुण देऊन जातो. दुसरी, मैदान. फलंदाज चिन्नास्वामीवर किंवा वानखेडेवर खेळणार असेल तर तो घ्यावा. फिरकीवाला चेपॉकवर असेल तर सोडू नये. तिसरी, समोरच्याची गरज. ज्याच्याकडे यष्टिरक्षक नाही त्याच्याकडे यष्टिरक्षक घेऊनच जावे. चौथी, नावाला न भुलणे.

नावाची गंमत खऱ्या आयपीएलमध्येही पाहिली. अदलाबदलीची सुरुवातच आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानसारख्यांपासून झाली. २००९ च्या हंगामाआधी तो बेंगळुरूहून मुंबईला आला आणि रॉबिन उथप्पा तिकडे गेला. पुढे २६ नोव्हेंबर २०२३ ला संघांनी खेळाडू राखण्याची मुदत संपली, तेव्हा गुजरातच्या यादीत हार्दिक पांड्याचे नाव होते. दुसऱ्या दिवशी तो मुंबईचा झाल्याचे जाहीर झाले. त्याच्या १५ कोटींसाठी मुंबईने साडेसतरा कोटींचा कॅमरन ग्रीन बेंगळुरूला देऊन थैली मोकळी केली. २०२४ च्या हंगामात मुंबई दहावी आली, गुजरात आठवी. बाद फेरी गाठली ती बेंगळुरूने. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने संजू सॅमसनसाठी रवींद्र जडेजा आणि सॅम करन असे दोघे राजस्थानला दिले. एकासाठी दोन देणे ही आमच्या वहीतही जुनी चाल आहे.

ही झाली हुशारी. पण हुशारी कुठे संपते आणि फसवणूक कुठे सुरू होते, हा प्रश्न आमच्यापुढे ३ मे २०२४ च्या रात्री आला. विल जॅक्स एका आडत दुकानावरच्या मुनीमभाईंकडे होता. २८ एप्रिलला अहमदाबादला त्याने ४१ चेंडूंत नाबाद शंभर केले होते. ३० एप्रिलला इंग्लंडने विश्वचषकाचा संघ जाहीर केला. त्यात जॅक्स होता, आणि २२ मेपासूनच्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी हे खेळाडू आयपीएल सोडून परतणार, हेही कळले होते. आमच्यातला सर्वांत लहान, आयटीआयला शिकणारा पोरगा, नुसते धावफलक पाहणारा. मुनीमभाई त्याला म्हणाले, “जॅक्स घे, वरुण चक्रवर्ती दे.” पोरगा खुश झाला. पेन उघडले.

मास्तरांनी हात वर केला. “मुनीमभाई, इंग्लंडचे पोरगे किती दिवस इथे आहे, ते सांगितले का?”

“पेपरात आले आहे, मास्तर. ज्याने त्याने वाचावे. मी काही लपवले नाही.”

रात्री अकरापर्यंत वाद चालला. निम्मे जण मुनीमभाईंच्या बाजूचे. बातमी उघडी आहे, वाचणाऱ्याला वाचण्याचे फळ मिळू नये तर खेळ कशाचा? हा मुद्दा वजनदार होता. दुसऱ्या बाजूने मास्तरांनी दोन हदीसा सांगितल्या. एक आपल्या सर्वांना ठाऊक असलेली. हजरत पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते. विकणारा पावसाचे कारण सांगतो. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे ते विचारतात. दुसरी कमी सांगितली जाते. बाहेरगावचा तांडा बाजारात पोहोचण्याआधीच वाटेत गाठून त्याचा माल घेण्यास मनाई आहे. बाजारातला भाव काही गुपित नसतो, गावातल्या प्रत्येकाला तो माहीत असतो. माहीत नसतो तो फक्त वाटेवरच्या माणसाला, आणि मनाई त्याच्यासाठीच आहे.

दुसऱ्या हदीसने मुनीमभाई गप्प झाले. आडतीवर उभ्या हयातीत त्यांनी हळकुंड मोडून आतला रंग आणि वाळवण पाहिल्याशिवाय भाव बोललेला नाही. कट्ट्यात वर कोरडी आणि खाली ओली हळद घालणाऱ्याला ते पुन्हा दारात उभे करत नाहीत. थोड्या वेळाने स्वतःच पोराला म्हणाले, “बेटा, जॅक्सचे तीन सामने धर. चौथ्याला तो बहुधा नाही. आता बोल.”

पोरगा बोलला. वरुण द्यायला तयार झाला नाही. एक मधल्या फळीतला फलंदाज दिला आणि जॅक्स घेतला. १८ मेला बेंगळुरू-चेन्नई सामना झाला तेव्हा जॅक्स इंग्लंडला गेलेला होता. वरुणने त्या हंगामात २१ बळी घेतले. त्या वर्षी पोरगा तिसरा आला, मुनीमभाई पाचवे. त्यांनीच वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: मुदतीच्या रात्री सौदा करताना आपल्या खेळाडूचा ठाऊक असलेला ऐब आठ जणांसमोर सांगावा.

पुढच्याच वर्षी नियमाची दुसरी बाजू तपासली गेली. मुदत २ मे २०२५ ला संपली. ९ मेला भारत-पाकिस्तान संघर्षामुळे आयपीएल स्थगित झाली, १७ मेला पुन्हा सुरू झाली. काही परदेशी खेळाडू परतलेच नाहीत. दिल्लीचा मिचेल स्टार्क त्यातला एक. ज्याने आठवड्यापूर्वीच स्टार्क घेतला होता तो म्हणाला, “माझा सौदा मोडा. ऐब निघाला.” या वेळी मास्तर त्याच्या विरुद्ध उभे राहिले. ऐब म्हणजे विकताना मालात असलेला आणि विकणाऱ्याला माहीत असलेला दोष. विकल्यावर पाऊस आला तर ती तकदीर. देणाऱ्याला जे ठाऊक नव्हते, त्याचा जाब त्याला कसा विचारणार? सौदा कायम राहिला. स्टार्कवाला दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी जुम्याला शेजारीच बसला.

नियम आल्यावर सौदे बंद पडतील, अशी काहींना भीती होती. तसे झाले नाही. ऐब सांगूनही माल खपतो, भाव तेवढा खरा होतो. तिखट गोलंदाज दुखऱ्या खांद्यासकट विकला जातो, कारण घेणाऱ्याला त्याची दोनच सामने गरज असते. डोके अजूनही लागते: मैदाने, उरलेले सामने, समोरच्याची नड. फक्त समोरच्याच्या अज्ञानावर कमाई होत नाही. आणि तो आयटीआयचा पोरगा आता मुदतीच्या रात्री परदेशी संघांच्या तारखा कागदावर लिहून आणतो. मुनीमभाई त्याच्याशी सौदा करायला हल्ली दोनदा विचार करतात.